आभाळाचं की टाकीचं

माझ्या मुलाने हौसेने कॅरावॅन घेतली आणि हौस फिटल्यावर ती माझ्या अंगणात आणून उभी केली. पर्यटक येतील, राहतील, तुलाही विरंगुळा होईल, असं सांगून तो पुण्याला निघून गेला. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईला विरंगुळ्याची फार गरज असते ही त्याची समजूत मी कधी दुरुस्त केली नाही. गणपतीपुळ्याच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं आगर आहे. तिथे दोन माडांच्या मध्ये ती गाडी उभी राहिली. टेम्पोच्या सांगाड्यावर बांधलेली, आत दोन पलंग, छोटा ओटा, शॉवर, संडास आणि पाण्याची टाकी. वाडीतले लोक तिला बाईंची न्हाणीवाली गाडी म्हणत. पहिल्याच पावसाळ्यात ती गळायला लागली.

गळकी घरं मी आयुष्यभर पाहिली होती. कौल फुटलं की कौल बदलायचं, त्यात डोकं लागत नाही. या गाडीला मात्र छप्पर होतं, खिडक्या होत्या, भिंतींच्या पोटात पाईप होते, ओट्याखाली पंप होता, आणि यातलं कुठलंही केव्हाही गळू शकत होतं. खारा वारा रबर कडक करतो, स्क्रू खातो. सकाळी उठून पहिल्यांदा गाडीतल्या गाद्या चाचपायच्या, हा माझा नेम झाला. रत्नागिरीहून तीन जण येऊन गेले. पहिल्याने छपराला सिलिकॉन फासलं. दुसऱ्याने ते खरवडून नवीन फासलं. तिसऱ्याने दोघांनाही नावं ठेवली आणि खिडक्यांना फासलं. गादी ओली ती ओलीच राहिली. मी इतकी कंटाळले होते, की गाडी कोणी चोरून नेली असती तर त्याला चहा करून दिला असता.

अशा वेळी कोणीतरी गजाभाऊंचं नाव सांगितलं. गजानन मयेकर, रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या बाजूचे, बोटीवर फिटर होते, गळती काढण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. ते स्कूटरवरून आले. सडसडीत अंगाचे, साठी उलटलेले, अर्धी खाकी चड्डी, खांद्यावर पंचा, कानामागे पेन्सिल. मी आतापर्यंतची सगळी कर्मकथा सांगायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर करून थांबवलं. बाई, आधी मला बघू द्या, मग तुमचं ऐकतो, म्हणाले. तीस वर्षं वर्गाला गप्प बसवणाऱ्या मला कोणी असं गप्प बसवलं नव्हतं.

त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि देवळात शिरावं तसे गाडीत शिरले. डोळे मिटून जमिनीवरून अनवाणी चालले, एकेक पाऊल दाबत. कुठे प्लायवूड मऊ लागतंय ते तळव्याला कळतं, डोळ्यांना कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग सगळे नळ बंद करून पंप चालू ठेवला आणि कान देऊन बसले. बराच वेळ गेला. त्यांनी काही उघडलं नाही की ठोकलं नाही, आणि मला वाटायला लागलं की हा चौथा. तेवढ्यात ते पलंगाकडे वळले, गादी उचलली, खालच्या फळीवरच्या ओलीत तर्जनी बुडवली आणि ते बोट सरळ जिभेवर ठेवलं.

मी अहो अहो करत राहिले. शेजारीच संडास होता. ते मात्र डोळे मिटून, चटणी बेताची तिखट झालीय का ते पाहावं तसे, दोन क्षण थांबले.

"ह्ये आभाळाचं नाय, बाई," ते म्हणाले. "ह्ये तुमच्या टाकीचं. मचूळ लागतंय."

आमची विहीर समुद्राजवळची. पाणी पिण्याजोगं आहे, पण जिभेवर किंचित खारटपणा रेंगाळतो. तेच पाणी गाडीच्या टाकीत. पावसाचं पाणी गोडं. इतका साधा हिशेब होता, आणि तिघांनी मिळून पाच-सहा नळ्या सिलिकॉन छपरावर आणि खिडक्यांवर ओतलं होतं. गजाभाऊंनी शॉवरच्या मागची फळी काढली, तिथला एक जॉईंट सैल होता. पलंगापासून चांगला दोन हात लांब. गाडी जरा कलती उभी होती, त्यामुळे पाणी भिंतीच्या आतून पलंगापर्यंत चालत गेलं होतं. पाणी जिथे दिसतं तिथून आलेलं नसतं, तिथे ते नुसतं दमून बसलेलं असतं, असं ते म्हणाले. पुढे हे वाक्य मी त्यांच्याकडून कितीदा ऐकलं त्याला गणती नाही.

ही जीभ त्यांनी बोटीवर कमावली होती. बोटीच्या तळाशी पाणी साचलं की ते आपल्याच टाकीचं आहे का समुद्र आत येतोय, हे आधी कळायला हवं. जुना एक फिटर त्यांना घेऊन तळाशी उतरला आणि म्हणाला, चाख. गोडं लागलं तर सावकाश पाना आण. खारट लागलं तर पळत जाऊन वर सांग. वीस-बावीस वर्षं त्यांनी तेलकट, गंजकं, काय काय मिसळलेलं पाणी जिभेला लावलं होतं, आणि हे ते लोणच्याच्या फोडीबद्दल बोलावं तसं सांगत. बोट सोडून घरी आले तेव्हा हाताला काम हवं होतं. किनाऱ्यावर पर्यटक वाढले, त्यांच्यामागून या चाकांवरच्या खोल्या आल्या. गजाभाऊ म्हणत, बाई, ही बोटच हाय, फक्त उलटी. इथं खारट लागलं तर पाणी आपलं, गोडं लागलं तर वरून आलेलं.

त्यांच्या काही गोष्टी ठरलेल्या होत्या. सिलिकॉनला ते मलम म्हणत आणि ज्याने काटा न काढता मलम लावलं त्याच्याबद्दल फार वाईट बोलत. गळती सापडली की तिथे पेन्सिलीने छोटं वर्तुळ काढत. गाडी दुरुस्त झाली का, असं विचारलं तर हो असं उत्तर कधीच मिळालं नाही. आज गळत नाय, एवढंच. एसीचं पाणी त्यांना ओळखता येई, त्याला काहीच चव नसते म्हणत, मेलेलं पाणी. तंबाखू ते भरपूर खात, पण पाणी चाखायच्या आधी चूळ भरून, पाच मिनिटं थांबून मग. त्या पाच मिनिटांत कोणी बोललेलं चालत नसे. पाणी कुठून येतंय हे शोधायचे दुसरे मार्ग त्यांना ठाऊक नव्हते असं नाही. टाकीत रंग घालता येतो, छपरावर ताडपत्री टाकून दोन दिवस वाट बघता येते. ते सगळं करायचे, पण नंतर, खात्रीला. रंग घालणं म्हणजे ज्याला जीभ नाही त्याचं काम, असं एकदा त्यांनी मला ऐकवलं होतं.

त्यांची वाट पाहणं हा मात्र ताप होता. आज येतो म्हणजे या आठवड्यात, आणि या आठवड्यात म्हणजे देवाला ठाऊक. फोन खिशात असे पण तो ते कामात असताना उचलत नसत, आणि ते नेहमी कामात असत. पर्यटक दारात आणि गाडीत पाणी, अशा किती सकाळी मी फाटकाशी उभी राहून काढल्या. आले की मी चिडलेली असे आणि ते चूळ भरत असत, म्हणजे बोलायची सोय नाही.

एकदा साताऱ्याचं एक कुटुंब उतरलं होतं. सकाळी त्यातल्या वडिलांनी आवाज चढवला, तुमचा पलंग गळतो, पोरीचे कपडे भिजले. मी गजाभाऊंना फोन केला. नशिबाने ते जवळच होते. त्यांनी चादर बाजूला केली, बोट ओलीला लावलं, तोंडाकडे नेलं आणि नाकाशीच थांबले. आठ-नऊ वर्षांची ती मुलगी दारात उभी राहून नखाने दाराचं रबर कुरतडत होती. गजाभाऊंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग वडिलांना म्हणाले, जॉईंट ढिला झालाय साहेब, चूक आमची. आणि पलंगाखाली आडवे होऊन त्यांनी चांगला तासभर एका धडधाकट नटाशी झटापट केली, सैल कर, घट्ट कर, मध्येच नटाला शिव्या. ते लोक समुद्रावर गेल्यावर मला म्हणाले, ह्ये टाकीचं बी नाय नि आभाळाचं बी नाय, गादी उन्हात घाला आणि इसरा. माझ्या वर्गात अशा मुली कितीतरी होऊन गेल्या होत्या. मी त्यांच्याशी प्रेमानेच वागले, पण इतकं चांगलं खोटं मला एकदाही सुचलं नव्हतं.

मग ते चार-पाच महिने दिसले नाहीत. गालाच्या आत फोड आली होती, ती बरी होईना. मुंबईला नेलं. शस्त्रक्रिया झाली, मग रोजची लाईट, म्हणजे ते किरणांचे शेक. परत आले तेव्हा निम्मे उरले होते. गालाची एक बाजू ओढलेली, आवाज घोगरा. तंबाखू सुटली होती. तिखट चालत नव्हतं, कोरडं उतरत नव्हतं, म्हणून सुनंदावहिनी, त्यांची बायको, डब्यात पेज किंवा मऊ आमटीभात घेऊन त्यांच्याबरोबर यायला लागली. आधी मी तिला फक्त एकदा, हळदीकुंकवाला पाहिलं होतं. ती स्कूटरच्या मागे बसून यायची आणि ते काम करीत तोवर माझ्या पडवीत बसून राहायची. कामाची घाई काय आहे, जरा बसा की घरी, असं मी गजाभाऊंना म्हणाले. ते म्हणाले, बाई, बसलो तर गंजीन. नंतर वहिनी मला म्हणाली, ह्येंना काम नसलं तर ह्ये दिवसभर आपला गाल चाचपत बसतात.

त्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या सगळ्या गाड्या छपरातून गळत होत्या.

हे मला त्या वेळी विचित्र वाटलं नाही याची आता लाज वाटते. पुळ्याच्या एका रिसॉर्टकडे दोन गाड्या होत्या. गजाभाऊंनी पाणी चाखलं, आभाळाचं म्हणाले, छपराचे सांधे उघडून नव्याने बुजवले, आणि ओल तशीच राहिली. मंडणगडचा एक डॉक्टर स्वतःची गाडी घेऊन यायचा, त्याचीही तीच कथा. लोक कुरकुरत होते, पण आजारातून उठलेल्या माणसाला तोंडावर कोण बोलणार. माझ्या गाडीत शॉवरच्या बाजूची फळी काळी पडली तेव्हाही ते बोट बुडवून, डोळे मिटून, नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले आणि म्हणाले, गोडं हाय. आभाळाचं. श्रावणाची ऊनपावसाची सर चालू असताना, शिडीवर ताडपत्री बांधून, त्या अशक्त अंगाने त्यांनी चार दिवस माझं छप्पर सोलून पुन्हा शिवलं. वहिनी खाली शिडी धरून उभी.

दोन आठवड्यांनी मी गाडी झाडायला आत गेले आणि माझा पाय जमिनीतून घोट्यापर्यंत खाली गेला. शॉवरच्या खालचं प्लायवूड भिजून भिजून भुसा झालं होतं. शॉवरचं पाणी बाहेर नेणारा पाईप फुटला होता आणि पाणी महिनोन् महिने जमिनीत मुरत होतं. पाय मुरगळला, तो पंधरा दिवस बांधून ठेवावा लागला. गजाभाऊ आले, त्या भोकाशी उकिडवे बसले. हात घालून ओला भुसा बाहेर काढला, मुठीत दाबला. "माजं चुकलं," एवढंच म्हणाले. मग त्यांनी ती अख्खी जमीन काढून नवी घातली, आणि त्या आठ दिवसांत आम्ही दोघंही एकमेकांशी कामापुरतं बोललो. माझा पाय दुखत होता आणि मला त्यांचा रागही आला होता. तो लपवायचे कष्ट मी घेतले नाहीत.

त्यातल्याच एका दुपारी वहिनी पडवीत माझ्याजवळ येऊन बसली. ते गाडीखाली होते, ठोकण्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, बाई, तुमच्या पायासाठी घरी मी रोज देवाला सांगतंय, पण एक सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मुंबईहून आल्यावर एकदा ती आमटीत मीठ घालायला विसरली होती. त्यांनी सगळी आमटी खाल्ली आणि छान झालीय म्हणाले. तिला शंका आली. दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम मीठ घातलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिन्ही दिवस त्यांनी आमटीला भरभरून नावाजलं, उलट नेहमीपेक्षा जास्त. लाईटीने त्यांची चव गेली होती. सगळीच.

"त्येंना वाटतंय माज्यापासून लपलंय," ती म्हणाली. "लपू दे. तेवढं एक ऱ्हायलंय त्येंच्याजवळ."

मी शाळेत विज्ञान शिकवलं. तरी सगळं जुळवायला मला तिचं बोलणं ऐकावं लागलं. जिभेला खारट कळत नसेल तर प्रत्येक पाणी गोडंच लागणार. प्रत्येक पाणी गोडं लागलं तर प्रत्येक गाडी छपरातून गळणार. ते डोळे मिटून इतका वेळ थांबत होते ते चव शोधत होते, आणि ती येत नव्हती, आणि आभाळाचं म्हणण्यावाचून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. रंग घालून पाहिलं असतं तर एका दिवसात खरं कळलं असतं. पण रंग घालायचा म्हणजे जीभ गेली हे कबूल करायचं. ते त्या माणसाला परवडणारं नव्हतं. मला त्या रागाची शरम वाटली आणि त्यांची फार कीव आली. माणसाची कीव आली की आपण त्याच्याशी नीट वागतो असं नाही, हे मी लगेचच सिद्ध करून दाखवलं.

नवरात्रात ओट्याजवळ पुन्हा ओल दिसली. गजाभाऊंना बोलावण्याआधी मी टाकीत कपड्यांची नीळ कालवली. माझा विचार असा, की त्यांना चाखायची वेळच येऊ नये. निळं दिसलं की टाकीचं, स्वच्छ दिसलं की पावसाचं, आणि कोणी काही बोलायला नको. मला वाटलं मी फार शहाणपणा केला. ते आले, चूळ भरली, तंबाखू नसतानाही भरत, पाच मिनिटं थांबले, आत गेले. ओट्याखाली वाकले. फळीवर निळे थेंब होते.

त्यांनी एका थेंबावर बोट टेकवलं आणि ते पंच्याला पुसलं. मग उठून माझ्याकडे वळले.

"बाई," ते म्हणाले, "परीक्षेच्या आधीच तुमी उत्तर फळ्यावर लिवून ठेवलंत."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पाईप घट्ट केला, पेन्सिलीने वर्तुळ काढलं, पंचा झटकून खांद्यावर टाकला. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, आणि तिची नजर मला टाळता आली नाही. मी तिचं गुपित फोडलं नव्हतं, पण फोडल्यासारखंच केलं होतं. त्यानंतर दोन महिने ते माझ्याकडे आले नाहीत. दुसरीकडेही कुठे जात नव्हते असं कानावर आलं. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा वहिनीने उचलला आणि ते झोपलेत म्हणाली.

तोवर मी गाडी विकायचं ठरवलं होतं. मुलाला कळवलं, त्याने बरं म्हटलं, इतक्या सहज की आधी का नाही विचारलं असं वाटलं. गुडघे धरत होते, गाद्या चाचपून हात थकले होते, आणि त्या जमिनीवर पाय ठेवताना मी अजूनही आधी चाचपून बघत होते. कोल्हापूरचं एक तरुण जोडपं गाडी बघायला यायचं होतं. फोनवर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, गळते का. मी म्हणाले, ते मला विचारू नका, गजानन मयेकर म्हणून आहेत, ते सांगतील ते खरं. हे मी का म्हणाले ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांच्याशिवाय त्या गाडीबद्दल बोलायचा अधिकार कोणाला आहे असं मला वाटत नव्हतं, हे एक. आणि त्यांनी एकदा तरी पुन्हा यावं, हेही होतं. मी वहिनीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, बघते.

ठरल्या दिवशी गजाभाऊ वहिनीबरोबर आले. त्यांच्या अंगावर धुतलेला शर्ट, डोक्याला टोपी, आणखी वाळलेले. वहिनीच्या हातात डबा. कोल्हापूरचा मुलगा आदबशीर होता, पायाला हात लावायला वाकला तर गजाभाऊंनी त्याला अर्ध्यातच धरलं. आदल्या संध्याकाळी अवकाळी पाऊस चांगला धो धो पडून गेला होता. सकाळपासून त्या मुलाने सगळे नळ, शॉवर, संडास उघडून पाहिले होते. आणि ओट्याखालच्या कपाटात, अगदी कोपऱ्यात, त्याला ओल सापडली. बोटभर.

या वेळी मी टाकीत काही घातलं नव्हतं.

मुलगा म्हणाला, काका, हे पावसाचं की टाकीचं? पाईप असेल तर मी करून घेईन, छप्पर असेल तर मला विचार करावा लागेल. तुम्ही म्हणाल ते मी मानतो. गजाभाऊ खाली बसले. गुडघा टेकवला, मग दुसरा. बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. मी दारात उभी होते, माझ्या मागे पायरीशी वहिनी. आम्हा दोघींना ठाऊक होतं की त्या तोंडात आता काहीच नाही, आणि तो मुलगा मात्र अगदी श्रद्धेने वाट बघत होता. ते आभाळाचं म्हणाले असते तर मी गप्प बसले असते. गाडीचा सौदा मोडला असता तरी गप्प बसले असते, एवढं मी तेव्हा ठरवलं होतं.

त्यांनी डोळे उघडले.

"सुनंदा," त्यांनी हाक मारली. चारचौघांत त्यांनी तिला नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती, नेहमी नुसतं अगो. "वर ये जरा. ह्ये चाखून सांग."

ती चढून आली.

"माजी जीभ गेली त्या लाईटीत," ते मुलाकडे बघून म्हणाले. आवाज घोगरा होता पण चढला नाही, उतरला नाही. "खारट कळत नाय नि गोडं बी कळत नाय. पावसाळाभर मी लोकांना चुकीचं सांगितलं. बाईंचा पाय माज्यापायी मुरगळला. म्हणून हिला विचारतोय."

वहिनीने पदराला हात पुसला. वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि ते आणण्याचा प्रयत्नही तिने केला नाही. गजाभाऊ पाण्याकडे पाहत नव्हते, तिच्याकडे पाहत होते.

"तुला ठावं हुतं," ते म्हणाले.

"व्हय." मग ती म्हणाली, "मचूळ हाय. टाकीचं."

त्यांनी मान हलवली आणि फळीचे स्क्रू काढायला घेतले. बेसिनच्या खालचा पाईप जिथे वळतो तिथलं रबर फाटलं होतं. मुलगा शेजारी बसून ते कसं काढायचं, कसं घालायचं हे शिकून घेत होता, आणि गजाभाऊ सावकाश, थांबत थांबत सांगत होते. रंग कसा घालायचा हेही त्यांनी सांगितलं. नीळ घालू नका, डाग ऱ्हातो, असं म्हणून माझ्याकडे एकदा पाहिलं. मी हसले, आणि मग मला तिथे उभं राहवेना म्हणून चहा टाकायला घरात गेले.

गाडी कोल्हापूरकरांनी घेतली. पुढच्या महिन्यात मी मुलाकडे पुण्याला आले, गुडघ्यांचं कारण होतं. गजाभाऊ त्या उन्हाळ्यात गेले, आजार परत उलटला. वहिनीचा फोन आला तेव्हा मला लगेच निघता आलं नाही, ती गोष्ट अजून मनाला लागून आहे. त्यामुळे शेवटचं पाहिलं ते त्या दिवशीच.

चहाचे कप घेऊन मी बाहेर आले तेव्हा काम संपलं होतं. कोल्हापूरची मंडळी समुद्र बघायला गेली होती. गाडीच्या दारात, पायरीवर पाय सोडून, ती दोघं शेजारी शेजारी बसली होती. वहिनीने डबा उघडून पेज वाढली होती आणि वाडगा त्यांच्या मांडीवर ठेवला होता. मी आंब्याच्या आडच थांबले, मध्ये जावंसं वाटेना. त्यांनी पेजेत बोट फिरवलं, पण खाल्लं नाही. वाडगा तिच्याकडे सरकवला.

"मीठ बघ गो," ते म्हणाले.

तिने एक घोट घेतला. जरा थांबली.

"बेताचं हाय," ती म्हणाली. मग ते जेवायला लागले.